नीलाच्या किडनीची खुशाली

चि. सौ. नीलाबाई हिस,

कळमनुरीहून तुझ्या नानाचे पोटापासून आशीर्वाद (पोटातला एक वाटा तुझाच, तेव्हा तेवढे आशीर्वाद तुझे तुलाच परत आले असं समज). दाजींना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याला तेल लावतेस का? तुझी सून निता आणि तिचं लेकरू बरं आहे ना? लेकरू पोट धरून रडत असेल तर वावडिंगाचं पाणी दे, असं सुधा सांगते. देऊ नकोस, असं मी सांगतो. झाडपाल्यावरचा माझा विश्वास का उडाला ते पुढं येईलच. इकडचं सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे. तो पाळला. आता पुढच्या ओळीपासून खरं लिहितो.

तू म्हणशील, फोन असताना पत्र काहून? तर त्याचं कारण तूच आहेस. तुझी किडनी मला बसवली त्या ऑपरेशनपासून तू फोनवर "नाना, कसा हायेस?" असं एकदाही विचारलेलं नाही. तू विचारतेस, "कशी हाय?" आणि मी सांगतो, "मजेत हाय, तुझी आठवण काढते." मग तू हसतेस, मी हसतो, आणि पलीकडून दाजी ओरडतात, "तिला म्हनावं, लई खाऊ नको!" असा आपला कारभार. अशा हसत्या फोनमध्ये वाईट बातमी कुठून घुसवायची? दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून मिटलं. कागद बरा. कागद मध्येच "हं" म्हणत नाही.

बातमी अशी, की तुझी किडनी बरी नाही. घाबरू नकोस. घाबरण्याचं काम मी करून राहिलोय आणि बऱ्यापैकी करतोय.

मुळात ही किडनी मी घ्यायलाच नको होती. आपला बाप आठव. पुसदला तुझ्या घरी यायचा तर पितळी तांब्या भरून सोबत आणायचा, कारण लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. उन्हाळ्यात तांब्या अर्ध्या वाटेतच रिकामा व्हायचा, मग तुझ्या सासूच्या हातच्या गार पाण्याकडं नुसता बघत ओसरीवर कोरडा बसायचा आणि "तहान न्हाई" म्हणायचा. त्या बापाच्या पोरानं लेकीच्या घरचं पाणी सोड, थेट किडनी घेतली. वर गेल्यावर तो मला काय विचारील याची मी रोज उजळणी करतो आणि रोज नापास होतो. तरी मी मागितली नव्हती हे तू त्याला सांगशील ना? किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीच्या साहेबांनी तुला विचारलं होतं, "बाई, स्वखुशीनं देता की भावानं मागितली?" तर तू पदर खोचून म्हणालीस, "ह्यो काय मागतो? ह्याला लहानपनी भूक लागली तरी मागता यायचं न्हाई, भांड्याकडं बघत बसायचा." साहेब हसले आणि सही केली. मी खाली बघत होतो.

माझ्या स्वतःच्या दोन किडन्या कशा गेल्या ते गावाला अजून पटलेलं नाही. दारू नाही, साखर नाही, तंबाखू (थोडी, एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाची तंबाखू धरत नसतात). मग गेल्या कशा? तर माझ्याच अंगातल्या शिपायांनी खाल्ल्या. म्हणजे रोगजंतूंना हाकलायला देवानं रक्तात जे पहारेकरी ठेवले, ते माझ्याच किडन्यांना चोर समजून वर्षानुवर्षं बडवत होते. मला पत्ता नाही. कुंपणानं शेत खाल्लं ही म्हण आपण दुसऱ्यांबद्दल वापरतो; स्वतःच्या लघवीच्या रिपोर्टात ती निघाली की वेगळी लागते. आणि त्या दोन गेलेल्या किडन्या काढतही नाहीत बरं का, राहू देतात पेन्शनरासारख्या, आणि तिसरी पोटात उजव्या अंगाला खाली बसवतात. तीन किडन्यांचा धनी आहे मी. आख्ख्या कळमनुरीत एवढी इस्टेट कोणाची नसेल, आणि तिन्हींचा मिळून उपयोग बघशील तर हा असा.

आता तुझी वहिनी. सुधाच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट पक्की बसली: ही किडनी नव्हे, माहेरवाशीण आली. जिनं लग्नानंतर इतकी वर्षं "येते, येते" म्हणत दोन रात्रींवर मुक्काम केला नाही, ती नणंद आता कायमची घरी राहायला आली, तर तिचं केलं पाहिजे. झालं! दर शुक्रवारी मला पाटावर बसवून ओटी भरायला लागली. सदऱ्याची खालची गुंडी काढून उजव्या बाजूला हळदीकुंकू, मांडीवर खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. मी म्हटलं, "अगं, माणसाची ओटी भरतात का कुठं?" तर म्हणे, "तुमची कोन भरून राहिलं? तुमी गप बसा, मधे मधे बोलू नका." मी मधे बोलत होतो, माझ्याच पोटाच्या कार्यक्रमात! जेवणाचंही तसंच. तुला कढी आवडते, मला कढीचा वासही नको, हे तुला ठाऊक आहे. ऑपरेशनपासून या घरात एक दिवस कढी चुकलेली नाही. नाक मुरडलं की ऐकायला मिळतं, "तिला आवडती."

धोंड्याच्या महिन्यात तर कळसच झाला. जावयाला धोंडे वाढायचे म्हणून दाजींना बोलावलं, आणि तू निताच्या बाळंतपणात अडकलेली. धोंडे जोडीला वाढतात, जोडीतली बाई नाही, मग काय करावं? सुधा म्हणाली, "न्हाई कसं? हाय की!" आणि मला दाजींच्या शेजारी पाटावर बसवलं. (दाजींनी हे तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.) दोघांना टिळा, दोघांना ओवाळणं, मधे दिवा लावलेलं ताट. दाजी बिचारे मान खाली घालून बसले होते, मग हळूच माझ्याकडं झुकून म्हणाले, "नाना, तुमी उजवीकून काहून बसले? डावीकून या." बायको डावीकडं बसते ना. मी उठून डावीकडं गेलो. हसू नकोस. सगळी गल्ली बघत होती आणि एकालाही यात वावगं वाटलं नाही.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. तुझी किडनी झकास चालली होती, रक्तातला क्रिएटिनिन नावाचा कचरा (तो वाढला की समजायचं किडनीनं झाडू खाली ठेवला) एकदम ताळ्यावर होता. मग घोटाळा कुठं झाला? घोटाळा मायेनं झाला. मला सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या आहेत त्या अंगातल्या शिपायांना गुंगीत ठेवायच्या, म्हणजे ते तुझ्या किडनीच्या अंगावर जाणार नाहीत. त्यामुळं तोंडाला फडकं, गर्दीत जायचं नाही, कोणी शिंकलं की मी उठून आत. हे आपल्या दगडोबाला बघवेना. दगडोबा म्हणजे माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर. नांदेड रोडचा एकेक खड्डा आम्ही दोघांनी मिळून खाल्लाय. तो ओट्यावर बसून सुधाला म्हणाला, "वयनी, ह्या डाक्टरची गोष्ट मला समजून न्हाई राहिली. मानसाची ताकत वाढवत्यात का कमी करत्यात? इंजिन गरम झालं म्हनून कोनी रेडिएटरातलं पानी काढतं का?" सुधाला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. इंजिनाच्या बाबतीत दगडोबा कधी चुकत नाही.

त्याच्या दारातल्या कडुनिंबावर गुळवेल आहे. कडुनिंबावरची गुळवेल म्हणजे सोनं, असं आपल्याकडं कोणीही सांगेल. साथीच्या रोगात आख्ख्या गावानं तीच प्यायली होती प्रतिकारशक्ती वाढवायला. तर दगडोबा रोज सकाळी वेलाचं कांडं आणून द्यायचा, सुधा ते ठेचून, उकळून, पितळी पेल्यात द्यायची. इतकं कडू, की पहिल्या दिवशी माझे कान हलले. मी नको म्हटलं. त्यावर सुधाचं उत्तर तयार. म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई देऊन राहिले. वन्सं नवीन जागी आल्यात, त्यांना ताकत नको?" आता सांग, तुझ्या नावानं दिलेला पेला मी कसा परत करू? पीत गेलो. सगळा श्रावण पीत गेलो.

मग पाय सुजले. नांदेडला दाखवायला निघालो. गाडीतली गंमत सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला बळ येईल. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि मला अजून पासष्ट पुरी नाहीत. कंडक्टर एक तरतरीत पोरगी होती. मी आपला एसटी खात्यातलाच जुना माणूस म्हणून तिला म्हटलं, "बाई, अर्धं बसतंय का बघा, आतली किडनी बहिणीची हाय." तिनं मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाली, "मंग असं करते काका. तुमचं पूरं अन् किडनीचं अर्धं. दीड काढू का?" आख्खी गाडी हसली. मी पूर्ण तिकीट काढलं. खात्याला असली माणसं मिळून राहिली आहेत याचा आनंदही झाला. तो मला झालेला शेवटचा आनंद.

नांदेडच्या किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. शबनम, तू त्यांना पाहिलंस, त्याच त्या बारीक चष्म्याच्या. रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा बदलला. क्रिएटिनिन दुप्पट. "नाना, गोळ्या बराबर घेऊन राहिले ना?" "बराबर." "चुकवली एखादी?" "एक बी न्हाई." "मग दुसरं काय घेऊन राहिले?" मी छताकडं बघितलं. पण सुधा हौसेनं पुढं सरली, "काढा देते की. गुळवेलीचा. नंदंसाठी." बाई गोंधळल्या. "नणंद कुठंय तुमची?" सुधानं माझ्या पोटाकडं बोट दाखवलं. नीला, ती बाई रागावली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमी पाहुनीला ताकत न्हाई दिली. तिला मारायला जे दारात उभे होते त्यान्ला दिली."

सुधा तिथंच खाली बसली. खुर्ची होती, तरी खाली बसली.

किडनीतून सुईनं कणभर तुकडा काढून तपासला (तुझी किडनी टोचताना मला दुखलं नाही, पण मी "हळू" म्हणालो). शिपाई आत घुसले होते. बाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, गुळवेलच एकटी कारण असं छातीठोक सांगता येणार नाही, हा हल्ला तसाही झाला असता कदाचित, तुमच्या अंगाचा इतिहास तोच आहे. पण असल्या माणसानं शिपायांना जागं करणारं काही घ्यायचं नसतं, हे नक्की. मग शिरेतून जबर औषध सोडलं. आता माझं तोंड तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलंय, हात थरथरतात (अक्षर बघून कळलंच असेल), आणि हल्ला थोपलाय असं म्हणतात. थोपलाय म्हणजे संपलेला नाही. क्रिएटिनिन निम्म्या वाटेपर्यंत उतरलं आणि तिथंच बसलंय, बंद पडलेल्या गाडीसारखं. पुन्हा हल्ला झाला तर किडनी राहील का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "बघू." डॉक्टरचं "बघू" आणि कंडक्टरचं "मागची गाडी रिकामी येऊन राहिली" यांत फार फरक नसतो. मी स्वतः तीस वर्षं ते सांगत आलोय.

मी तिथं दवाखान्यात पडल्या पडल्या बाईंना विचारून विचारून आणि मोबाईलवर वाचून वाचून हे सगळं समजून घेतलं. शाळा आपली सातवीपर्यंतची, पण आजार स्वतःचा असला की माणूस लवकर शिकतो. तुला एसटीच्या भाषेत सांगतो. भरलेली गाडी वारंगा फाट्यावर थांबते. खाली एक बाई, कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं. आत बसलेल्यांची तोंडं बघावीत त्या वेळी! आत्ता मागच्या फाट्यावर जो लटकून चढला तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, "जागा न्हाई!" कोणी दार धरतं, कोणी पाय पसरतं. कंडक्टरचं कोणी ऐकत नाही. अशा वेळी एखादी म्हातारी असते. ती भांडत नाही, उठतही नाही. नुसती जागच्या जागी थोडी सरकते आणि म्हणते, "ये माय, बस हितं. आपलीच हाय रे, सरका." आणि नवल असं, की ती सरकली की सगळी सीट सरकते. दोन मिनिटांनी तोच ओरडणारा त्या लेकराला शेंगा देत असतो. तर रक्तातही अशा म्हाताऱ्या असतात. डॉक्टर लोक त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. शिपायांचीच जात, पण काम मारायचं नाही, आवरायचं. "जाऊ द्या, आपलाच आहे" एवढं म्हणायचं. शंभरात पाच-दहाच असतात आणि त्यांच्यावर सगळं शरीर चालतं. त्यांचा शोध लावणाऱ्यांना मागच्या साली जगातलं मोठं बक्षीस मिळालं म्हणे. (तीस वर्षं मी गाडीत त्यांना बघत होतो, पण मी कुणाला सांगितलं नाही.)

बाईंनी आणखी एक सांगितलं ते तुझ्या कामाचं. पोटातलं लेकरू आईच्या अंगाला अर्धं परकंच असतं, अर्धं दुसऱ्या घरचं. तरी नऊ महिने आईचं अंग त्याला सांभाळतं, ते या म्हाताऱ्यांमुळं. निताला सांग, तिच्या लेकराला पहिली दाई अशी मिळाली होती.

माझ्या गाडीत या म्हाताऱ्या कमी पडल्या, एवढंच माझं दुखणं. छातीच्या हाडामागं शिपायांची एक शाळा असते, तिथंच "हा आपला, हा परका" हे शिकवतात, आणि वय झालं की ती शाळा आपोआप बंद पडते (आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी, पट कमी म्हणून). म्हणजे नवी भरतीही फारशी नाही. भांडखोरांनी आधी माझ्या दोघींना उठवून दिलं, आता तुझीला बसू देत नाहीत. माझ्या गोळ्या काय करतात, तर आख्ख्या गाडीलाच पेंग आणतात. भांडखोरही पेंगतो आणि म्हातारीही. आणि आमच्या गुळवेलीनं काय केलं, तर पेंगलेल्या गाडीत चढून भांडखोरांना चहा वाटला.

दगडोबाला हे कळलं तेव्हा त्यानं वेल मुळापासून उपटला. तेवढ्यावर थांबला असता तर तो दगडोबा कसला. कोयता घेऊन गल्लीतल्या प्रत्येकाच्या कुंपणावरची गुळवेल उपटत सुटला. एका घरी तर ती मनीप्लांट निघाली, त्यावरून वेगळंच भांडण. आता रोज येतो, पण घरात येत नाही. रस्त्यापलीकडं दगडावर बसतो. मी हाक मारली तर म्हणतो, "न्हाई नाना, माझ्या अंगाला गुळवेलीचा वास असंल." सुधाचं त्याहून वाईट. ती माझ्याशी बोलायची बंद झाली आहे आणि तुझ्याशी बोलते. म्हणजे मी झोपलोय असं समजून पोटाजवळ तोंड आणून म्हणते, "वन्सं, चुकलं माझं. मला काय कळतंय? तुमी रागं भरून जाऊ नका. या घरात तुमच्यासंगं असं व्हायला नको होतं." मी डोळे मिटून पडून राहतो. कुशीवर वळायचीही सोय नाही, मधेच उठून गेल्यासारखं दिसेल.

नीला, मला डायलिसिसचं भय नाही. हिंगोलीला जाऊन यंत्रापुढं दंडाची शीर द्यायची, ते पूर्वी केलंय, पुन्हा करीन. मरणाचंही तितकं नाही. पण तू दिलेली वस्तू मी सांभाळू शकलो नाही, हे मला गिळता येत नाही. साडी असती तर घडी करून परत पाठवली असती. हिची पाठवणी करायची तर कुठं करू? तुझ्या कुशीवर टाक्यांची खूण कायमची, आणि इकडं तिच्या बदल्यात जपलेलं काही नाही, असं झालं तर? तू तिकडं एकीवर चालतेस, पाणी भरतेस, नातवाला उचलतेस, आणि मी इकडं कढी पीत होतो आणि काढा पीत होतो. बाप तहानलेला परत जायचा त्याचा अर्थ मला आता कळून राहिलाय. त्याला पाण्याची भीती नव्हती. घेतलेलं राखता आलं नाही तर लेकीला तोंड कसं दाखवायचं, याची होती.

असो. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं. यावर तू काही करायचं नाहीस. यायचं नाही, रडायचं नाही, देवाला काही बोलायचं नाही. निताचं लेकरू लहान आहे, घर सोडू नकोस. मला तुझ्याकडून काहीएक नको, हे नीट वाच. दाजींना धोंड्याचं मी सांगितलं हे सांगू नकोस. बाकी ठीक. लहानांना पापे, थोरांना दंडवत, आणि तुला काय द्यावं हे सुचत नाही म्हणून पुन्हा आशीर्वादच.

तुझा,
नाना

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. डॉ. शबनमबाई सांगत होत्या, की दूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अभ्यास सुरू होऊन राहिलाय. माझ्या रक्तातून त्या म्हाताऱ्या वेगळ्या काढायच्या, काचेच्या भांड्यात पोसून त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा माझ्याच अंगात सोडायच्या. माझं क्रिएटिनिन आधी स्थिर राहिलं तरच मला घेतील. बाईंनी चारदा बजावलं, "नाना, हा अभ्यास हाय, इलाज न्हाई. लागू पडंलच असं कोनी सांगू शकत न्हाई." मी सहज माहिती म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. माहितीत एक भाग लिहायचा राहिला. त्या म्हाताऱ्यांना भांड्यात पोसताना त्यांची ओळख करून द्यावी लागते, की आपली कोण. नुसतं सांगून त्यांना कळत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी जिची किडनी तिचं थोडं रक्त लागतं. तिला तिथवर यावं लागतं. बाईंनी विचारलं, "बहिनीला सांगता ना?" मी म्हटलं, "तिला फार कामं असतात." लेकीचं एकदा घेतलं तेच जड झालंय. दुसऱ्यांदा मागायचं म्हणजे जीभ उचलत नाही. तेव्हा हे मी मागितलेलं नाही. हे फक्त ताज्या कलमात आलंय.

ता. क. तिसरा. पत्र टाकायला निघालो तर दारात तू. आता तू आत सुधाशी बोलून राहिली आहेस आणि मी बाहेर हे लिहितोय. दगडोबानं तुला रडत फोन केला होता म्हणे, म्हणजे वरची ताजी कलमं सोडली तर मी चार पानं लिहिली ती सगळी तुला कालच ठाऊक होती. आल्या आल्या तू माझ्या पोटावर हात ठेवून म्हणालीस, "काहून गं, माहेरी आली तर नीट ऱ्हायना का?" मग सुधा रडली, तू रडलीस, आणि दगडोबा पलीकडच्या दगडावरून उठून शेवटी घरात आला. मला वाटलं, आता विचारावं. तू चहा ओतत होतीस. म्हटलं, ओतून होऊ दे. मग ओतून झाला. मग तू विचारलंस, "नाना, काही म्हनतोस का?" आणि मी म्हणालो, "साखर कमी टाक."

तेव्हा हे पत्र मी तुझ्या पिशवीत निताच्या लेकराच्या झबल्यांखाली ठेवून राहिलोय. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर सापडलं तर बरं, म्हणजे तू उतरून परत येणार नाहीस. वरची दोन ताजी कलमं आधी वाच, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. आणि उत्तर कळव. हो असेल तर फोन कर. नाही असेल तर मात्र पत्रानंच लिही. आपल्याकडं टपाल उशिरा येतं, तेवढे दिवस तरी मी आशेवर काढीन.